बाबांची खुर्ची आणि समुद्राचा धक्का

बोगादी, रविवार संध्याकाळ

मंगळुरूहून आत्ताच परतलो. चहा गार होतोय, पण आधी हे लिहिते.

बाबांना चाकाच्या खुर्चीतून समुद्रात गळ टाकायचा होता. मंगळुरूला बोटी लागतात त्या धक्क्यांवर फोन करून ज्याला विचारावं तो म्हणे, "चारच पायऱ्या, उचलून नेऊ की!" उचलून? आमच्या बाबांना? म्हणून गेल्या महिन्यात मी एकटीच गेले आणि भाड्याच्या तशाच चाकाच्या खुर्चीत बसून तीन धक्के पालथे घातले. लोक हसले. हसू देत. तिसऱ्या धक्क्यावर एकही पायरी नव्हती. शोधलीच मी जागा!

काल तिथं बाबा स्वतः चाकं फिरवत कठड्यापर्यंत गेले, दुपारभर गळ धरून बसले.

आत्ता दारातच शेजारच्या काकूंनी विचारलं, "किती मासे मिळाले?"

"एक बी नाही," बाबा ताठ बसून म्हणाले. "पण कुणी मला उचललं नाही."