वेदीपुढची परडी

इंदिरानगर, नाशिक
५ फेब्रुवारी २०२५

चि. यादव यास,
ताईचे अनेक आशीर्वाद आणि सलाम.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी पोस्टात जाऊन पाकीट आणलं. येत्या सोळा तारखेला आपल्या चर्चमध्ये हंगामाचा सण आहे. यादव येणार का, म्हणून आई सारखी विचारते. नाताळापासून तुझ्या ढोलकीवाचून आमचं गायनमंडळ नुसतं रखडतंय. तरीही सांगते, नाताळाच्या भक्तीत तू लय सोडून पुढे पळत होतास, म्हणूनच मी गाणं थांबवलं. चूक ती चूक. आता राग गिळ आणि ये. उज्वलालाही घेऊन ये.

भांडून झाल्यावरही तुझीच,
आशाताई

चांदवड
१० फेब्रुवारी २०२५

ति. ताईस,
यादवचा सादर सलाम, वि. वि.

पत्र पोचलं. लय माझी सुटली असेलही. पण भर चर्चमध्ये, उज्वलाच्या माहेरची माणसं समोर बसलेली असताना, तू हात वर करून गाणं बंद पाडलंस आणि शाळेतल्या पोराला सांगावं तसं मला पुन्हा सुरू करायला लावलंस. या वयात माणसाला काही मान असतो की नाही? ढोलकी मी माळ्यावर टाकली आहे. सणाला येणार नाही. कांदा काढायला आलाय, हेही खरं. आईला सांग, तू घरी नसशील अशा वेळी येऊन भेटून जाईन.

आईवरचा लोभ आहे तसाच आहे. तुझ्यावरचा विचारू नकोस.
यादव

इंदिरानगर, नाशिक
१७ फेब्रुवारी २०२५

चि. यादव यास,
ताईचा सप्रेम सलाम.

सण अर्धा टाकून मी कशी आले, असं काल तू दारात विचारत होतास. तेव्हा रडूच आवरेना, म्हणून आज लिहिते.

द्राक्षांची परडी घेऊन मी वेदीपर्यंत पोचले होते. ठेवायला वाकले आणि तुझं पत्र आठवलं. दान वाहताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असं आठवलं, तर दान तिथंच ठेवावं आणि आधी जाऊन समेट करावा, ही प्रभूची आज्ञा मी संडे स्कूलच्या मुलांकडून किती वर्षं घोकून घेतली आहे! चूक कोणाची, हे त्या आज्ञेत विचारलेलंच नाही. खरं सांगते, मला फार राग आला. मी बरोबर होते रे! पण आज्ञा मला होती, आणि ती पाळायची नसेल तर परडी तरी कोणत्या तोंडाने वाहायची?

पाळकसाहेबांच्या कानात सांगितलं आणि निघाले. पिंपळगावला एसटी बिघडली. पुढे कांदा भरायला निघालेल्या टेम्पोत बसून आले. रेशमी साडीला चिकटलेली सालपटं तू पाहिलीसच. मी क्षमा मागितली, तर माझ्यापेक्षा जास्त तूच रडायला लागलास. परतताना इतकं हलकं वाटत होतं म्हणून सांगू!

पाळकसाहेबांनी परडी तशीच वेदीपुढे ठेवली आहे. अर्पण अजून पुरं झालेलं नाही, असं ते म्हणतात. येत्या रविवारी आपण दोघं मिळून वाहू. ढोलकी माळ्यावरून काढ.

वाट पाहणारी,
ताई

चांदवड
२४ फेब्रुवारी २०२५

ति. ताईस,
यादव आणि उज्वलाचा सादर सलाम.

आम्ही सुखरूप पोचलो. अजून कानात कालचं गाणं वाजतंय. आपण दोघं परडी धरून वेदीकडे निघालो, तेव्हा अख्खी मंडळी उभी राहिली. आई तर काठी बाकावरच विसरली! द्राक्षं सुरकुतून गेली होती, तरी भक्तीनंतर अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव होतो, त्यात त्या परडीसाठी केवढी चढाओढ! मी मात्र ती दुसऱ्या कोणाला मिळू दिली नाही. आता उज्वला शेजारीपाजारी द्राक्षं वाटते आहे आणि प्रत्येकाला सगळी हकिगत ऐकवते आहे.

ताई, मी हट्टी माणूस. तुझ्या येण्याची वाट बघत जन्मभर बसलो असतो. तू प्रभूचं ऐकलंस, म्हणून मला माझी बहीण परत मिळाली.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. शेवटच्या कडव्याला आनंदाच्या भरात तू लय सोडून पुढे पळालीस. सगळं गायनमंडळ माझ्याकडे बघायला लागलं. मी काही गाणं थांबवलं नाही. ढोलकी घेऊन तुझ्यामागे पळत सुटलो.

लोभ आता मागायचा कशाला, तो घरचाच आहे.
तुझा धाकटा,
यादव