पान वर उचलून उलटायचं

अप्पा, तुमचे डोळे आता कसे आहेत? तिकडे मोतीबिंदू नसेल, असं आपलं मी धरून चालते. आईचे गुडघे बरे असावेत. तिथे घाटाच्या पायऱ्या नाहीत, तेवढा तरी तिला आराम. आत्याचं पित्त काय म्हणतं? अजून उपाशीपोटी चहा घेते का? आणि धाकटे काका तुमच्याशी बोलतात ना, की एकादशी कुठल्या दिवशी धरायची यावरून झालेला तो अबोला तिथेही चालूच आहे? इकडे आम्ही सगळे ठीक. माझा दमा पाहुण्यासारखा थंडीत येतो आणि होळी झाली की जातो. माझी नात तुम्ही पाहिली नाहीत. तिचा पीएचडीचा प्रबंध काल युनिव्हर्सिटीत जमा झाला. तेच सांगायला बसले आहे. जीव भांड्यात पडलाय, आणि घरात सगळे दमून झोपलेत, म्हणून भर दुपारी तुम्हाला गाठलं.

प्रबंध काशीतल्या आपल्या मराठी घरांमधल्या पोथ्यांवर आहे. तुमच्याही पोथ्या त्यात आल्या. काल शेवटची तारीख होती. ती चुकली असती तर मुदतवाढीचा अर्ज, पुन्हा सह्या, आणि पुढच्या आठवड्यात नोकरीची मुलाखत आहे तिच्यावर पाणी. पोरगी सकाळीच मला युनिव्हर्सिटीच्या फाटकासमोरच्या छपाईच्या दुकानात घेऊन गेली. म्हणाली, "आजी, कागद तू पसंद कर, तुला नजर आहे." नजर कसली, कान आहे, तोही तुमचा. तुम्ही कागद कानाशी धरून झटकायचात आणि म्हणायचात, "बोलला पाहिजे. मुका कागद पावसाळ्यात गळा काढतो." मी तसंच एकेक पान झटकू लागले. दुकानदार गालात पान ठेवून बघतोय. "अम्मा, कागज देख रही हैं कि साड़ी?" म्हटलं, "साड़ी में तो रफू हो जाता है, बेटा." मग त्यानं आतला जाड, किंचित पिवळसर गठ्ठा काढला. तो बोलला.

पुठ्ठ्याचा रंग युनिव्हर्सिटीनंच ठरवलेला, मरून रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं. त्यामुळे आजी-नातीचं एक भांडण वाचलं. शिवायचं की नुसतं चिकटवायचं, यावर मात्र मी अडले. पोथीला सुई लावू नये, हे तुमचं वाक्य. सुटी पानं, खालीवर लाकडी पाट्या, लाल फडक्याचं बासन, आणि वर्षातून एकदा गच्चीवर ऊन. मनात म्हटलं, अप्पा, हे पुस्तक आहे, पोथी नाही, रागावू नका. आणि शिवा म्हणून सांगितलं.

पण तोंडानं पुस्तक म्हटलं तरी हात पोथीचाच राहिला. नात गाइडची सही आणायला गेली होती. दुकानदारानं यंत्रापाशी उभं राहून विचारलं, "अम्मा, दोनों तरफ छपेगा न? पन्ना कैसे पलटेगा?" मी हात पुढे केला आणि हवेतलं पान खालून धरून वर उलटलं. तुमच्यासमोर बसून लहानपणी रोज उलटायची, तसं. अमृतराव घाटावर सकाळचं ऊन पाठीवर असायचं, तुम्हाला अक्षर दिसेनासं झालेलं, निम्मं पाठ आणि निम्मं अंदाजानं; मध्ये पोथी, पलीकडे मी. "बोलू नकोस, नुसती पानं सांभाळ," एवढंच माझं काम. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, अप्पा! पुस्तकाचं पान बाजूला वळतं, हे इतकी वर्षं पुस्तकं वाचूनही ऐन वेळी आठवलं नाही.

नात आली, पानं चाळली आणि ओरडली, "आजी! मागची सगळी पानं उलटी! डोकं खाली, पाय वर!" मी म्हटलं, "उलटी कुठे? हे बघ," आणि भराभर वाचून दाखवलं. ती रडू की हसू करीत पानं गोळा करू लागली. दुकानदार कपाळावर हात मारून म्हणाला, "अम्मा, आपके लिए तो ठीक है, परीक्षक को भी गंगा किनारे उलटा बैठाइएगा का?" पण नशीब थोर. एकच प्रत निघाली होती आणि तिला सुई लागली नव्हती. त्यानं यंत्र पुन्हा लावलं, शिवणाऱ्यानं जेवण पुढे ढकललं. शेवटी पुठ्ठ्याची लेई, म्हणजे खळ, काही वाळेना, आणि दाबाचा शिकंजा दुसऱ्याच्या कामात अडकलेला. तेव्हा मी प्रतींना नमस्कार केला, वर फळी ठेवली आणि पंख्याखाली त्यावर चक्क बसले. विद्येवर बसल्याचा दोष लागतो का, ते शास्त्र बघून कळवा. युनिव्हर्सिटीतली प्रबंध घ्यायची खिडकी बंद व्हायच्या आत नातीनं प्रती आत सरकवल्या. पावती घेऊन आली आणि रस्त्यातच माझ्या गळ्यात पडली.

ती बिघडलेली प्रत मी टाकू दिली नाही. सुटीच आहे, वर उचलून उलटली की सगळं सरळ येतं. तुमच्या पाट्या तिला पुरल्या नाहीत, म्हणून देवघरातले दोन जुने पाट लावले आणि लाल बासनात बांधली. हे पत्र पेटीत टाकणार नाही, त्या बासनातच ठेवीन.

आणखी एक. तुमच्या शेवटच्या चातुर्मासात एकदा दोन पानं एकदम उलटली गेली आणि तुम्ही पुढचंच वाचू लागलात. तेवढ्यात सुटलेलं पान आपोआप तुमच्या बोटाखाली सरकलं. तुम्ही मान वर करून म्हणालात, "वारा सुटलाय वाटतं." अप्पा, वारा नव्हता, मी होते. तुमच्यासमोर बसून बसून मला अक्षरं उलटीच वाचता येऊ लागली होती, आणि ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं.

उत्तर लवकर लिहा. माझ्याकडून उलटं दिसेल म्हणून थांबू नका. मला तसंच लवकर वाचता येतं.