पाठमोरा स्वार

२ मार्च, रविवार

—मागे. अजून मागे. टीव्हीवरचं चित्र थांबवलं. टोपी, खांदे, घोड्याचं शेपूट, धूळ. चेहरा नाही.

"तो मीच," बाबा म्हणाले. "पाठ ओळखत नाहीस?"

"पाठ कशी ओळखू, बाबा?"

"आणि म्हणे घोडेवाल्याची सून!"

हा त्या जुन्या मालिकांमधला विसावा भाग. कॉलिनने दिलेल्या डिस्कवर अजून बरेच आहेत. काळी-पांढरी कॅलिफोर्निया. काउबॉय नायक बोलायला लागला की तो नट. घोडा दौडायला लागला की माझे सासरे. त्याचेच कपडे, त्याचीच टोपी, कॅमेऱ्याकडे पाठ. १९५८ ते १९६७, नऊ वर्षं; मग इथे, इंग्लंडला. अमेरिकेत गेले होते इंजिनियरिंग शिकायला. घोड्यावर बसायला मात्र कोल्हापूरपासूनच येत होतं. त्यांचे वडील तिथल्या पागेत चाबूकस्वार, घोडे शिकवणारे.

श्रेयनामावलीत नाव एकदाही नाही.

४ मार्च

कॉलिन येऊन गेला. त्यांच्या वेस्टर्न क्लबच्या, म्हणजे काउबॉय-वेड्यांच्या, हॉलमध्ये शनिवारी, पंधराला, बाबांचा सत्कार. पन्नासेक माणसं येतील, सगळी नॉटिंगहॅमची, सगळी बूट-टोप्यांत. कॉलिनने तीस वर्षं बस चालवली. बाबांना 'सर' म्हणतो.

निघताना दारात घुटमळला. भिंतीवर लावायला फोटो हवा. पडद्यावरचा, चेहऱ्याचा. एक पुरे. कमिटीतल्या ग्रॅहमला शंका आहे म्हणे— "तो म्हणतो, असं कुणीही सांगेल."

"आणि तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला वाटतं, एक फोटो मिळाला तर बरं."

५ मार्च

श्रीनिवासला सांगितलं. तो इथेच जन्मला. चिडला की त्याचं मराठी मोडतं.

"स्कूलमध्ये मला लायर म्हणायचे, वरदा. सगळे. माझा बाप काउबॉय आहे म्हणून सांगायचो ना! पण बाबाचा गोष्ट मी कधी चेक नाही केला. मुद्दाम."

"का?"

"खोटा निघाला तर?"

छप्पन्न वर्षांचा माणूस. डिशवॉशरमधले कप पुसत होता. ते कोरडेच होते.

८ मार्च

बाबांनी पूर्वी स्वतःच्या हाताने आपल्या कामांची यादी केली होती— अडतीस भाग. सगळे बघून झाले. चेहरा नाही.

लग्न होऊन आले त्या आठवड्यापासून ही हकिगत ऐकते आहे. कधी शंका घेतली नाही. आज घेतली. ती पाठ कुणाचीही असू शकते. चांगला बसणारा कुणीही.

त्यांच्या हातावर व्रण आहेत, लगामाचे. ते इतर कशाचेही असू शकतात.

९ मार्च

बाबा सकाळी चहा घेताना: "सापडलो का?"

११ मार्च

सापडले!

डिस्कवर एकोणचाळिसावा भाग आहे. यादीत नाही. बाविसाव्या मिनिटाला चार स्वार ओढा ओलांडतात. पुढचा मान वळवून मागे बघतो. सेकंदभर. टोपीखाली श्रीनिवासचा चेहरा— तेच नाक, तेच जवळ आलेले डोळे. मी एकटीच होते, तरी मोठ्याने बोलले.

बाबांना बोलावून दाखवलं. ते वाकून बघत राहिले.

"बंद कर."

"अहो बाबा, हे तुम्ही आहात!"

"मागे बघितलं मी. बघायचं नसतं."

छोट्या टीव्हीवर कुणाला दिसतंय, म्हणून मालिकावाल्यांनी शॉट तसाच ठेवला. "आठवडा संपला आणि मी ते काम सोडलं."

"एवढ्याशा चुकीसाठी?"

त्यांनी स्वतःच ते बंद केलं. मग म्हणाले, "कुणाला दाखवायचं नाही. श्रीनिवासलाही नाही. शब्द दे."

दिला.

१३ मार्च

चेहरा लपवणं हेच त्यांचं काम होतं. त्यात एकदा चुकले. कसबी माणसाला अशी चूक खुपत असणार. माझ्या छापून आलेल्या पहिल्या कथेत एक वाक्य आहे, ते मी आजही हाताखाली झाकून पुढे जाते. म्हणून मला कळतं, असं स्वतःला सांगते.

श्रीनिवासने विचारलं, "काही मिळालं?" नाही म्हटलं. खोटं मी बोलले. खोटा तो ठरणार, शाळेतल्यासारखा.

१५ मार्च, शनिवार

हॉलमध्ये चहा, सँडविचेस, कमरेला प्लास्टिकची पिस्तुलं. भिंतीवर चौकटीएवढी जागा रिकामी. बाबा कोट-टायमध्ये. छान बोलले. पुढच्या घोड्याची धूळ नाकात जाते, मैलभरावरून ती कशी ओळखायची, वगैरे.

मग ग्रॅहम उठला. बोलणं अगदी सभ्य. या मालिका मी लहानपणापासून बघतो, सर, पण तुम्ही मला कुठेच दिसला नाहीत.

"दिसलो नाही म्हणून तर नऊ वर्षं टिकलो," बाबा म्हणाले.

हॉल हसला. ग्रॅहम हसला नाही. "म्हणजे पुरावा नाही."

"नाही."

श्रीनिवास खाली बघत होता. फोन माझ्या पर्समध्ये, त्यात पडद्यावरून काढून ठेवलेलं ते चित्र. दोनदा हात आत गेला. बाबांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. हात बाहेर काढला, रिकामा.

टाळ्या झाल्या. बऱ्याच लोकांनी बेतानेच वाजवल्या.

परतताना गाडीत मी मागे. बाबा पुढे, श्रीनिवासच्या शेजारी. सिग्नलला श्रीनिवास म्हणाला, "इट्स ओके, बाबा. मी लहान नाहीये आता."

"ओके नाही," बाबा म्हणाले.

१६ मार्च

सकाळी बाबांनी माझा फोन मागून घेतला. चित्र स्वतः श्रीनिवासला दाखवलं. मग आम्हा दोघांसमोर कॉलिनला फोन लावला. म्हणाले, "फोटो लावा. खाली दोन नावं हवीत, माझं आणि वॉल्टरचं. वॉल्टर चित्रात नाही, तो सगळ्यांच्या मागे होता, पाचवा स्वार. ओढ्यात त्याचा घोडा कोसळला, तो घोड्याखाली सापडला. संध्याकाळपर्यंत गेला. मी वळून बघितलं तेव्हा तो हात वर करून होता. मी तसाच पुढे गेलो. शॉट चालू होता. थांबायची शिट्टी झाली नव्हती."