खाप्याच्या कापडी फायली

मंगळवार, संध्याकाळ

आज फायलींचं टेंडर उघडलं. आमच्या कार्यालयाने प्लास्टिकच्या फायली बंद करायचं ठरवलं, तेव्हा खाप्याच्या विणकर बचत गटाच्या शोभाताईंना मीच फोन करून टेंडर भरायला सांगितलं होतं. त्यांचा नमुना सगळ्यांत मजबूत होता. तरी त्या बाद झाल्या, कारण तीन वर्षांच्या सरकारी पुरवठ्याचा दाखला नाही. ती अट मीच टाइप केली होती, जुन्या टेंडरवरून जशीच्या तशी. कशी दिसली नाही मला?

शोभाताई बाहेर बाकावर बसल्या होत्या. मी सांगितलं. म्हणाल्या, "काहून जी? तुमी काम देसान तवाच तं दाखला भेटन ना?"

साहेबांकडे गेलो. ज्याला काम मिळालं, त्याच्या फाइलला आतून प्लास्टिकच आहे, हे दाखवलं.

"वरून कापड आहे ना? अटीत तेवढंच लिहिलंय."

तेही मीच लिहिलेलं. निकालाच्या कागदावर मीही सही केली.

निघताना शोभाताईंनी विचारलं, "पुढच्या साली भरू का जी?"

मी "भरा" म्हणालो. दाखला तेव्हाही नसेलच त्यांच्याकडे.