दोन-चारच्या बांगड्या

माय, मी हे लिहीत नाहीये, बोलतोय. फोनसमोर तोंडाने बोललं की तो नेट नसतानाही आपोआप लिहून घेतो. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाला ही मोठी सोय आहे. फक्त आपली अहिराणी त्याला कळत नाही, म्हणून गुरुजींसमोर उभं राहून बोलावं तसं बोलतोय. आपल्या माणसांचं बोलणं येईल तिथे मात्र बोटाने टाइप करणार आहे, कितीही वेळ लागो. तुझं बोलणं दुसऱ्या भाषेत ऐकायला मला नको वाटतं.

मी राजस्थानात आहे. त्याआधी सुरतेला साड्यांच्या कारखान्यात होतो, मग वापीला, मग मधे काही महिने घरी. तू म्हणायचीस, "तुन्हा पायले भिंगरी शे." ती अजून सुटली नाही. इथे सोलरच्या काचा धुतो. आपल्याकडे तापीकाठाला केळी जशी संपता संपत नाहीत तशा इथे काचा आहेत, आणि त्यांच्यावर दिवसभर वाळू बसते. दुपारी काच तापलेली असते, पाणी मारलं तर तडकते, म्हणून धुणं सकाळी आणि ऊन उतरल्यावर. मधली दुपार रिकामी. त्या वेळी मी काचांच्याच सावलीत बसतो. आत्ताही तिथेच बसलोय.

तुझी सून तू पाहिली नाहीस. उंच आहे, सासऱ्याची, आपल्या आबांची, चालण्याची नक्कल इतकी हुबेहूब करते की आबासुद्धा हसतात. दिवाळीच्या आधी तिचं पोट पडलं. मी चार दिवस येऊन गेलो, ती म्हणाली मी ठीक आहे, मी परत आलो. त्यानंतर तिची झोप गेली. छाती धडधडायची, हात गार पडायचे, तव्यावर भाकर जळून कोळसा झाली तरी ती समोर बसलेलीच. गल्लीतल्या बायांनी भगताकडे न्यायला सांगितलं. आबांनी तिला एसटीत बसवून चिंचपाड्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगात काही बिघाड नाही, मनाला लागलंय, थोड्या गोळ्या देते, पण बोलायला पाहिजे. त्यांनी एका ताईचा नंबर दिला. ती ताई फोनवर बोलते, तेच तिचं काम. ठरवलेल्या दिवशी आपण फोन लावायचा. सुनेने खांडबाऱ्याच्या बाजाराचा दिवस ठरवला, कारण त्या दिवशी गल्ली रिकामी असते.

मला हे सगळं सांगितलं होतं तिने. पण सांगितलेलं आणि कळलेलं यात फरक असतो. बाजाराच्या दिवशी मी टाकीवर चढून, कारण इथे नेटवर्क टाकीवरच लागतं, तिला फोन लावायचा आणि दर वेळी तो दुसऱ्या कॉलवर. परत लावला, परत तेच. माझ्याशी बोलायची तेव्हा मात्र जेवलात का, जेवले, ठेवते. खोलीवर आमचे मिस्त्री आहेत, शहाद्याकडचे, वयाने मोठे. त्यांना मी बोलून बसलो. ते म्हणाले, "भो, बायकोले मोठा फोन दिना तठेच तुन्हं चुकनं. आपली मायस्नाकडे व्हता का फोन? त्यास्ले कवय व्हयनं डिप्रेशन?"

मी म्हटलं, नाही बुवा.

खोलीत बिहारचा एक पोरगा आहे, तो चपात्या लाटत होता. लाटणं न थांबवता म्हणाला, "होता था चाचा. नाम नहीं था."

"तू चुप बैठ," मिस्त्री म्हणाले, "तेरी तो सगाई ही व्हॉट्सअप पे टूटी."

सगळे हसले, पोरगासुद्धा हसला, विषय तिथेच राहिला. पण माझ्या डोक्यात मिस्त्रीच राहिले. दुसऱ्या दिवशी सुनेला म्हणालो, नवऱ्याशी दोन मिनिटं आणि परक्या बाईशी पाऊण तास, असं काय आहे जे मला सांगता येत नाही? मला वाटलं ती रडेल किंवा भांडेल. ती अगदी सावकाश बोलली. "तुमनासंगे बोलनं का तुम्ही लगेच उपाय सांगतस. माहेरले जा, देव कर, टीव्ही देख. ती ताई उपाय नही सांगस. मी थांबनू का ती इचारस, मंग?" आणि मग म्हणाली, "तुम्ही ऐकतस नही. उत्तर देतस."

तिच्या फोनचा रिचार्ज मीच मारतो, इथून. त्या आठवड्यात तो संपत होता. मी मारला नाही. विसरलो असं नाही, माय. मारला नाही. आबांचा बटणाचा फोन आहे घरी, पण त्याचा आवाज अंगणभर जातो, त्याच्यावर कोण मनातलं बोलेल. बाजाराचा दिवस गेला. मी टाकीवर चढलोच नाही. दोन दिवसांनी टाकीवर असताना आबांचा फोन आला. आबा कधी स्वतःहून फोन करत नाहीत, त्यांना वाटतं फोन केला म्हणजे कोणीतरी आजारी पाहिजे.

"रिचार्ज सरना का तिना?"

मी म्हटलं, बघतो.

"या बाजारले बोलनी नही ती. जेवनी बी नही." मग म्हणाले, "ती बोलस तवय मी खाट अंगनमा लई जास."

"काब्रं?"

"घरमा उकडस."

पौषाची थंडी चाललीये, माय. म्हातारा गोधडी पांघरून अंगणात बसतो आणि म्हणतो घरात उकडतं. मग ते म्हणाले, "रडस ती, मी ऐकस. पन फोन ठेवा का दोन भाकरी खास." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

भाकरीचं ऐकलं आणि मला तू दिसलीस. टाकीवर उभा होतो, खाली काचाच काचा, आणि मला खांडबाऱ्याचा बाजार दिसला. आपण जीपने जातोय. तू मला आधी गोडी शेव घेऊन देतेस, कागदात बांधलेली, आणि स्टेशनकडच्या बाजूला बांगडीवालीच्या पालात शिरतेस. तिला सगळ्या बाया बुबू म्हणायच्या. तिच्यासमोर गोणपाटावर तू बसतेस, मी तुझ्या पाठीला टेकून. बुबू तुझा हात हातात घेते, उलटासुलटा बघते आणि माप सांगते, "बाई, तेरे को दो-छे आती."

"दोन-चार दे."

"हाथ तो देख अपना. नहीं चढ़ेगी."

"चढी. तू घाल."

दर वेळी हेच. मला तेव्हा वाटायचं, माय मापात चुकते आणि तिला सांगायला कोणी नाही. बुबू साबणाचं पाणी लावते, तुझी बोटं एकत्र दाबते, अंगठा आत वळवते, आणि ती लहान मापाची बांगडी हाडावर अडते. तिथे तू रडायला लागतेस. पहिलं पाणी दुखल्याचं असेल. नंतरचं नसायचं. बुबू घाई करत नाही. एक बांगडी चढवायला जितका वेळ घेता येईल तितका घेते, बाकी गिऱ्हाइकं उभी असली तरी. तू हळू आवाजात काहीतरी सांगत राहतेस, आणि थांबलीस की ती नुसतं म्हणते, "मंग?" एवढा एकच शब्द ती आपल्या बोलीत बोलायची. तू काय सांगायचीस ते मला आठवत नाही. माझं लक्ष शेवेत होतं. एकच वाक्य राहिलंय, बुबूने एकदा विचारलं की एवढ्या घट्ट कशाला घालतेस, तेव्हाचं. "घरमा रडनं तं दहा जन इचारतस काय व्हयनं. आठे, बांगड्या भरतांना, कोनी इचारत नही."

बांगड्या भरून झाल्या की तू डोळे पुसून बुबूला नमस्कार करायचीस, आणि बाहेर आलीस की वेगळीच बाई. माझ्याच पुड्यातली शेव खायचीस, मी ओरडलो की म्हणायचीस, "तुन्हा बापनी जहागिरी शे का शेव?" जीपमधे शेजारच्या बायांची थट्टा करायचीस. घरी आल्यावर दोन भाकरी, वर मिरचीचा ठेचा. आबा ओट्यावरून टोमणा मारायचे, "वावरमा काटा गया तं हूं बी करस नही, नी बांगड्या भरतांना रडी-रडी बाजार गोया करस." तू हातातल्या बांगड्या नुसत्या वाजवायचीस आणि चुलीकडे जायचीस. आबांना तेव्हा कळत होतं की नव्हतं, मी कधी विचारलं नाही. आता ते थंडीत अंगणात बसतात, म्हणजे कधीतरी कळलं असेल.

तू गेलीस तेव्हा कावीळ होऊन तुझा हात काडीसारखा झाला होता. सवाष्ण गेलीस म्हणून हिरव्या बांगड्या भरायच्या होत्या. आबांनी बुबूलाच बोलावलं. तिने पेटी उघडली आणि न विचारता दोन-चारच्या काढल्या. साबण लागला नाही, दाबावं लागलं नाही, सरसर गेल्या आणि मनगटावर सैल होऊन पडल्या. बुबू तुझा हात धरून बसून राहिली. कोणीतरी म्हणालं, आटपा आता. तरी तिने लगेच सोडला नाही. मला तेव्हा तिचा राग आला होता, की एवढ्या सैल कशाला घातल्या, तिला तर तुझं माप माहीत होतं.

त्याच संध्याकाळी टाकीवरून रिचार्ज मारला. सुनेला काही बोललो नाही, तिनेही विचारलं नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी टाकीवर चढलो आणि तिचा नंबर लावला. दुसऱ्या कॉलवर. थोड्या वेळाने परत लावला. दुसऱ्या कॉलवर. खालून मिस्त्री ओरडले, "लाग्ना का?" मी म्हटलं, "नही लाग्ना." आणि मला इतकं बरं वाटलं, माय, की मी तिथेच पाय खाली सोडून बसलो. मिस्त्री म्हणाले, मंग दात काब्रं काढी ऱ्हायना? त्यांना कुठे समजावत बसू.

ती जेवली असेल. आबा खाट घेऊन आत आले असतील.

तुझ्याकडे फोन नव्हता, नंबर नाही, तेव्हा हे कुठे पाठवायचा प्रश्नच नाही. बोलणं थांबवलं की स्क्रीनवरची रेघ नुसती लुकलुकते. तेवढं एक सांगून बंद करतो. काल सुनेशी बोलताना मी ठरवून काही उपाय सांगितला नाही. ती घरच्या बोकडाचं सांगत होती, मग उगाच रडू येतं त्याचं सांगायला लागली, आणि थांबली. मी म्हटलं, "मंग?" तिने हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तिने विचारलं, "तुमले बरं शे ना?"

मी म्हटलं, बरं शे.

ते खोटं होतं, माय. पण तिला सांगायचं ते मी इथे बसून तुला सांगतोय.