हत्ती, पिठाचं पोतं आणि आदरणीय श्रीयुत शावा

लुआंग्वा नदीचा काठ,
सप्टेंबरचा शेवटचा शनिवार

तीर्थरूप जेरेमाया मामांस,

भाचा एलिफाझ शावा गुडघे टेकून, दोन्ही तळव्यांनी टाळ्या वाजवून नमस्कार करतो. (कागदावर टाळ्या ऐकू येत नाहीत, त्या आल्या असं समजावं.) आपला गुडघा कसा आहे? मामी अजून त्यावर चरबीच चोळतात की डॉक्टरचं ऐकायला लागल्या? लाल गाय व्याली असेल तर वासराला कृपा करून माझं नाव ठेवू नका. मागच्या एलिफाझला तरसानं नेलं, आणि गावात चार दिवस लोक आईला भेटायला येत होते.

इकडे सगळं उत्तम आहे. म्हणजे उत्तम होतं आणि पुन्हा होणार आहे. मधल्या नऊ दिवसांपुरतं हे पत्र. मी यंदा मुख्य गाईड होणार हे आपल्या कानावर आलंच असेल. (मी फक्त आईला सांगितलं होतं, तेही कुणाला सांगू नकोस म्हणून. म्हणजे चिपाटापर्यंत पोचलं असणार.) छातीवर पितळी बिल्ला, स्वतःची जीप, हाताखाली दोन माणसं. अट एकच: सहा पाहुण्यांची नऊ दिवसांची सहल, प्राणीही दाखवायचे आणि आपले रीतिरिवाजही, एकही तक्रार न येता पार पाडायची. यात अवघड काय? सिंह तक्रारी लिहीत नाहीत. आणि रीतिरिवाजांचं म्हणाल तर मी स्वतः उभा आहे की समोर!

पाहुण्यांच्या म्होरक्या होत्या कर्स्टनबाई, डेन्मार्कच्या. तीस वर्षं कारखान्यांतली भांडणं मिटवण्याची नोकरी केली. आता निवृत्त झाल्या, पण हात शिवशिवायचे थांबले नव्हते. आणि आमच्या कॅम्पची स्वयंपाकीण कासोंदे. बेम्बा. (इथे थांबतो. तुमचं हसून झालं की पुढे वाचा.) होय मामा, बेम्बा, माकडखाऊ, कासामाच्या बाजूची. त्यांचे पणजे आणि आपले न्गोनी पणजे भाले बोथट होईपर्यंत लढले, आणि मग दमून दोन्ही जमातींत थट्टेचं नातं लागलं, ते आजतागायत. त्यामुळे गेल्या दोन वर्षांत या बयेनं मला नावानं हाक मारलेली नाही. मी उंदीरखाऊ. सकाळी माझ्या ताटलीत चमच्याऐवजी उंदीर धरायचा सापळा असतो. माझी टोपी हवी तेव्हा उचलते, ती घालून मक्याच्या पिठाची न्शिमा घोटते, आणि थट्टेच्या नात्यातला माणूस ती परत मागू तरी कसा शकतो! न्शिमा मात्र अशी करते की पहिला गोळा तोंडात जातो तेव्हा माणूस आपली जमात विसरतो. (न्यायानं बोलावं म्हणून लिहिलं. बाकी काही नाही.)

तिसऱ्या दिवशी नदीकाठी न्याहारी मांडली होती. चिंचेवरून एक धिप्पाड वानर उतरलं आणि पाव घेऊन पसार झालं. अशी संधी न्गोनी माणूस सोडतो होय? मी ओरडलो, “कासोंदे, धाव गं! तुझं जेवण तुझं जेवण पळवतंय!” ती पळी घेऊनच वळली. म्हणाली, “मर रे एकदाचा, उंदीरखाऊ! तुझ्या खड्ड्यात तुझ्याआधी मी जाऊन आडवी होणार, आणि तुझा मामा कोंबडी देईपर्यंत उठणार नाही!” सगळी नोकरमंडळी पोट धरून हसली. आजोबांना पुरताना बेम्बा शेजारी असेच खड्ड्यात जाऊन पडले होते, आठवतं? दोन दिवस आईनं तोंड उघडलं नव्हतं, ती तेव्हा पहिल्यांदा हसली. म्हणजे कासोंदेनं मला किती मोठा शब्द दिला ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पण कर्स्टनबाईंनी विचारलं, ती काय म्हणाली? आणि मी मुख्य गाईड होऊ घातलेला माणूस! भाषांतर म्हणजे धर्म. शब्द न् शब्द करून दिलं, पळी कशी उगारली तेसुद्धा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाई पांढऱ्याफटक पडल्या. मी समजावलं की आमच्यात शिवी म्हणजेच माया, ज्याला शिव्या मिळत नाहीत तो परका. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, डोळे पुसले आणि म्हणाल्या, वर्षानुवर्षं सोसणारी माणसं नेमकं असंच बोलतात.

संध्याकाळी आम्हा दोघांना झाडाखाली बसवलं. माझ्या हातात एक काठी दिली. ज्याच्या हाती काठी त्यानं मनातलं दुःख बोलायचं, दुसऱ्यानं गप्प ऐकायचं. कासोंदेनं काठी घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, “न्गोनी माणसानं आपणहून काठी दिली, आता गुरं कशानं हाकणार बिचारा?” मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी वाहिलं. बाईंनी तेही वहीत लिहिलं.

ती वही गेली क्रेगसाहेबांकडे. हे आमचे नवे व्यवस्थापक. देशात येऊन तीन महिने झालेत, अजून न्शिमा काट्यानं खातात. हुकूम निघाला की पाहुणे असेपर्यंत दोघांनी एकमेकांशी अदबीनंच बोलायचं.

मामा, मी रानम्हशीपुढे उभा राहिलोय, पाणघोड्यानं होडी उलटवली तेव्हा पोहत बाहेर आलोय. पण ते तीन दिवस! सकाळी ताटलीत चक्क चमचा. टोपी खुंटीवर, जिथली तिथे. “श्रीयुत शावा, आपण चहा घेणार का?” म्हणायची, माझ्याकडे न बघता. चहात साखर असूनही तो गोड लागेना. दुसऱ्या दिवशी मी टोपी मुद्दाम तिच्या ओट्यावर विसरलो, तर तिनं ती घडी घालून परत पाठवली. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं.

सातव्या दिवशी दुपारी मी पाहुण्यांना चिमण्यांसारखे लाल पक्षी दाखवत होतो, तर मागून स्वयंपाकघरातून संथ आवाज आला: “आदरणीय श्रीयुत शावा, आपल्याला सवड असल्यास, आणि पाहुण्यांची काही हरकत नसल्यास, कृपया इकडे यावं, कारण माझ्या पिठाच्या पोत्यापाशी एक…” तिचं वाक्य संपेपर्यंत हत्तीनं अर्धं पोतं संपवलं होतं. मी धावत पोचलो तो ती भिंतीला चिकटलेली, आणि सोंड तिच्यापासून एका हातावर. माझी अदब तिथेच गळाली. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, “अगं ए माकडखाऊ, चुलीमागे पळ!” आणि हाताला लागलेलं भगोणं बडवत सुटलो. ती पळाली, हत्ती दचकला, भोपळा उचलून निघून गेला. ती पिठानं पांढरीफेक होऊन चुलीमागे बसली होती. मला बघून म्हणाली, “उंदीरखाऊ, एवढा उशीर?” मामा, हत्तीपुढे उभा राहिलेला मी, त्या एका शब्दासरशी तिथेच पिठात फतकल मारून बसलो.

पण पाहुण्यांनी पाहिलं काय, तर मी तिला शिवी दिली आणि तिनं मला. क्रेगसाहेबांनी बोलावून घेतलं. म्हणाले, दोघांपैकी एक नदीपलीकडच्या कॅम्पवर जाईल. तू कामाचा माणूस. दोष तिचा, एवढ्या कागदावर सही कर आणि हा घे बिल्ला. बिल्ला टेबलावरच होता, घासून लख्ख केलेला.

असो. बाकी सर्व क्षेम. पाऊस अजून लांब आहे, नदी आटलीय, मगरी दाटीवाटीनं पडून असतात. मामींना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

आपला भाचा,
एलिफाझ

ता. क. बिल्ल्याचं आईला हळूच सांगा. मी सही केली, पण ‘दोष माझा’ असं लिहून केली. नदीपलीकडे मीच जातोय, बिल्ला दुसऱ्या गाईडला, साक्विबा शेपुटवाल्याला मिळाला. (हे आडनाव नव्हे, साहेबांपुढे शेपूट हलवण्याचा त्याचा स्वभाव.) पलीकडून होडीनं इकडे यायला फक्त वीस मिनिटं लागतात. मी मोजली आहेत.

ता. क. २. आज सामान पोचवायला होडीनं पलीकडे निघालो तेव्हा काठावर कासोंदे उभी होती. टोपी तिच्या डोक्यावर. मी परत मागितली नाही, तिनं दिली नाही. तेव्हा मामा, पत्राचा मूळ मुद्दा असा, की गुडघा बरा असेल तर एक शहाणा मध्यस्थ गाठून, मागणीची झाकलेली ताटली घेऊन कासामाला तिच्या वडिलांकडे जाऊन यावं. पिकं निघण्याची वाट बघू नये.

ता. क. ३. तिथे ते तुम्हाला उंदीरखाऊ म्हणतील, काठी लपवतील, गुडघ्यावरून बोलतील, मामींनाही सोडणार नाहीत. निवांत बसा आणि जेवून या, काम झालं समजा. पण कुणी तुम्हाला ‘आदरणीय श्रीयुत’ म्हणालं, तर मात्र ताटली उचला आणि मुकाट्यानं घरी या. मला काही कळवू नका, मी समजेन.