शाळा नसलेल्या खोलीची व्यवस्था

मी, मनोरमा भास्कर गुप्ते, वय ७४, निवृत्त शिक्षिका, राहणार गोडदेव, भाईंदर (पूर्व), हे मृत्युपत्र स्वतःच्या बुद्धीने व स्वतःच्या हस्ताक्षरात लिहीत आहे. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. ती नसावी अशी ज्यांची इच्छा आहे त्यांची नावे योग्य ठिकाणी येतील.

१. तळमजल्यावरील खोली क्रमांक दोन माझ्या स्वकष्टार्जित मालकीची आहे. तेथे १९८७ पासून मी अडीच ते सहा वर्षांच्या मुलांचा माँटेसरी वर्ग घेते. आठ वर्षांपूर्वी मान्यतेसाठी अर्ज केला. तपासणीस आलेल्या साहेबांनी बाके, घंटा व परीक्षा यांची चौकशी केली. तिन्ही नव्हते. मग त्यांनी दट्ट्यांची पेटी उचलली : कमीजास्त जाडीचे दहा लाकडी दट्टे, प्रत्येकाचे भोक ठरलेले. सगळे काढून पुन्हा बसवताना शेवटी एक जाडा दट्ट्या त्यांच्या हातात उरला.

"बाई, तुमचा सेट डिफेक्टिव्ह आहे."

शेजारी बसलेला चार वर्षांचा विठू म्हणाला, "काका, तो बारका काढा ना. तो दुसऱ्याच्या घरात बसलाय."

साहेबांनी काढला नाही. महिन्याने पत्र आले : "साहित्य सदोष. सदर वर्ग ही शाळा नाही."

२. ते पत्र चौकटीत लावले आहे. ते भिंतीवरून काढू नये. पुढच्याच वर्षी सोसायटीचे सचिव श्री. दशरथ चौघुले यांनी नोटीस दिली की निवासी इमारतीत शाळा चालवता येणार नाही. मी लेखी उत्तर दिले : मनाई शाळेस आहे, सदर वर्ग शाळा नाही असे सरकारचे मत आहे, सबब मनाई या वर्गास लागू नाही. सभेत दशरथराव उसळून म्हणाले, "बाई, हा निव्वळ शब्दांचा खेळ चाललाय!"

"शब्द सरकारचा आहे," मी म्हणाले. "मी फक्त वाचून दाखवला."

३. यंदा झालेल्या कायद्याने शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षापासून मिळाला. त्याखालील मुलांसाठी सरकार व्यवस्था "करू शकेल" असे म्हटले आहे. या क्रियापदावर एकही चटई अंथरता येत नाही. म्हणून पुढील व्यवस्था.

४. खोली, चटया व सर्व साहित्य मी श्रीमती इनेझ लॉयड बोर्जिस, राहणार चौक, उत्तन, यांस देते. त्या चौदा वर्षे माझ्याबरोबर शिकवत आहेत. त्यांची पदविका सरकारी यादीत नाही. मी एकदा घंटा आणू का विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "नको बाई. पोरांना वाजवून सांगायला ही काय सुटायची बोट हाय?"

५. भाचा नीरज याचा प्रस्ताव होता : "मावशी, इंग्रजी नाव देऊ, टाय लावू, मुलांचे इंटरव्ह्यू ठेवू." मुलांच्या मुलाखतींना राज्यात मनाई आहे, असे सांगितले. "मग आईबापांचे घेऊ!" त्यास माझी तर्कशास्त्राची पुस्तके देते. गरज पाहून दिली आहेत.

६. जो कोणी अधिकारी, पदाधिकारी वा नातलग हा वर्ग बंद करण्यास येईल, त्याने आधी चटईवर बसून दट्ट्यांची पेटी पूर्ण भरावी. मुलांनी मदत करू नये. पेटी भरल्यावरही मत कायम राहिल्यास ते लेखी द्यावे. चौकट मी आणून ठेवली आहे.

७. साक्षीदार म्हणून दशरथरावांना मुद्दाम बोलावले आहे. त्यांना मी काहीही दिलेले नाही. सबब ते पात्र आहेत. त्यांची नात क्षितिजा, वय साडेचार, वर्गात येते. त्यांची नोटीस अद्याप कायम आहे, म्हणून कलम सहा त्यांना आजच लागू केले आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वरील प्रत्येक शब्द मला मान्य आहे, आणि त्याचा अर्थही.

स्थळ : भाईंदर (पूर्व)
दिनांक : २९ नोव्हेंबर २००९

(सही) मनोरमा भास्कर गुप्ते

साक्षीदार :

१. डॉ. ममता कोठारी. बाईंना तपासले. बुद्धी माझ्यापेक्षा ठणठणीत.

२. दशरथ चौघुले. बाईंनी माझ्यासमोर सही केली. पेटी तिसऱ्या वेळी जमली. क्षितिजाने मदत केली नाही. नोटीस मागे घेतो.